कुंपणालगतची पांढरी फुलं आणि बारा महिन्यांचा इतिहास

मृगाचा पाऊस पडला की आपण सगळ्याजणी परसात काही ना काही लावतो. भोपळा, दोडका, घेवडा, कढीपत्ता. त्यातच कुठून तरी मागून आणलेली मोगऱ्याची नाहीतर तगरीची फांदी असते. आज आम्ही बोलणार आहोत ते कुंपणालगतच्या पांढऱ्या फुलांच्या पट्ट्याबद्दल. वर्षाचे बाराही महिने त्यात काही तरी फुललेलं असावं, असा हा पट्टा. तो कसा लावायचा हे सांगूच, पण त्याआधी ही झाडं आपल्या दारात आली कुठून आणि त्यांची फुलं कोणाच्या वाट्याला आली, ते बघू.

बारमाही फुलांची हौस फार जुनी आहे. नागपूरजवळचं रामटेक आपल्याला रामाच्या देवळामुळे माहीत आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या काव्यात अलका नावाच्या नगरीचं वर्णन आहे. तिथल्या बायका एकाच वेळी सहाही ऋतूंची फुलं अंगावर मिरवतात. शरदातलं कमळ हातात, हेमंतातला कुंद केसांत, शिवाय लोध्र, कुरबक, शिरीष आणि पावसाळ्यातला कदंब. ही झाली देवलोकीची गोष्ट. पृथ्वीवर सहा ऋतूंची फुलं एका दिवशी मिळत नाहीत. ती पाळीपाळीने मिळतात, आणि तेही कोणी तरी विचार करून झाडं लावली तर.

आपल्या मराठी मुलखातला पुरावाही जुना आहे. पैठणच्या सातवाहन राजघराण्यातल्या हाल राजाने ‘गाथासप्तशती’ हा संग्रह केला, असं मानलं जातं. त्याची भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. त्यात शेतकरी आहेत, सासू-सुना आहेत, आणि मालती, म्हणजे जाईचं फूलही पुन्हा पुन्हा येतं. पुढे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात जेवणखाण, वस्त्रं, दागिने यांच्या बरोबरीने फुलांच्या माळांचंही प्रकरण आहे. म्हणजे फूल ही आपल्याकडे राजवाड्यापासून शेतापर्यंत रोजची गोष्ट होती.

आता एकेक फूल घेऊ. चैत्र ते ज्येष्ठ मोगऱ्याचे महिने. मोगरा आपल्याच भागातला. इथून तो समुद्रापलीकडे गेला आणि फिलिपिन्स देशाने १९३४ साली त्याला राष्ट्रीय फूल केलं. मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. त्यामुळे तो पसरला तो फांदीने, दाब कलमाने. एकीने दुसरीकडे मागितला, दुसरीने तिसरीला दिला. तुमच्या दारातला मोगरा कोणाच्या घरून आला, तिच्याकडे कोणाकडून आला, असं विचारत गेलात तर बायकांचीच एक लांब साखळी निघेल. ती कोणत्याही दप्तरात लिहिलेली नाही.

पाऊस सुरू झाला की जुई आणि जाई. ओलीच्या जागी सोनटक्का. श्रावण सरता सरता प्राजक्त सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत अंगणात सडा घालतो. थंडीत कुंद. सरस्वतीच्या प्रार्थनेत तिच्या गोरेपणाला ज्याची उपमा दिली आहे, तो हाच कुंद. त्याच्या जोडीला पांढरी शेवंती. शेवंतीची मूळ लागवड चीनमधली. थंडी ओसरली की पांढरा चाफा. पानं झडलेल्या फांद्यांवर त्याचे गुच्छ येतात. देवळाच्या आवारात तो इतका दिसतो की तो इथलाच वाटतो, पण तो मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. निशिगंध मेक्सिकोचा. ही दोन्ही झाडं युरोपीय लोकांची जहाजं समुद्र ओलांडू लागल्यावर आपल्याकडे आली. आज निशिगंधाशिवाय लग्नातला हार होत नाही.

बाराही महिने फुलणाऱ्या दोघी म्हणजे तगर आणि सदाफुली. तगर आपली. सदाफुली मात्र आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरची. उकिरड्याच्या कडेलाही उगवते म्हणून तिला कोणी विचारत नाही. पण १९५०च्या दशकात कॅनडातले संशोधक साखरेच्या आजारावर औषध शोधत होते. सदाफुलीचा अर्क देऊन बघताना त्यांना दिसलं की साखर फारशी उतरत नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या धाग्यावरून पुढे रक्ताच्या कर्करोगावरची औषधं तयार झाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ती आजही दिली जातात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ही औषधं कारखान्यात शुद्ध करून, मोजून, दवाखान्यात देतात. झाडाची पानं विषारी असतात. शुगरसाठी पानं चावणं किंवा काढा पिणं धोक्याचं आहे.

ही बहुतेक फुलं पांढरीच का, असंही कधी कोणी विचारतं. यातली बरीचशी संध्याकाळी उमलतात. अंधारात लाल-जांभळा रंग दिसत नाही, पांढरा दिसतो. रात्री फिरणारे पतंग पांढरा रंग आणि वास यांच्या मागाने येतात. म्हणून दिवसभराची कामं आटपून आपण ओट्यावर टेकतो, त्या वेळी हा पट्टा जागा असतो.

आता प्राजक्ताची गोष्ट. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. इथल्या औषधी झाडांवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात त्याने प्राजक्ताला ‘दुःखी झाड’ म्हटलं आहे. फुलांचे केशरी देठ जेवणाला रंग आणायला वापरतात, हे त्याने टिपलं. शिवाय इथल्या लोकांकडून ऐकलेली एक कथाही दिली. एका सरदाराच्या मुलीचं सूर्यावर मन जडलं, सूर्याने तिला टाकलं, तिने जीव दिला. तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड बघत नाहीत, उजाडायच्या आत गळतात. आपल्याकडची कथा वेगळी. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या. पण दोन्ही कथांत एका बाईच्या वाट्याला आलेलं दुःख आहेच.

आणि खऱ्या आयुष्यात? झाडाला पाणी घालणारी, आळं करणारी बाईच. पण फूल केसांत कोणी माळायचं हे रूढीने ठरवलं. नवरा गेला की कुंकू, बांगड्या आणि गजरा, सगळं एका दिवसात बंद. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ साली मान्यता मिळाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं की बायको मेलेल्या पुरुषाला एक न्याय आणि नवरा मेलेल्या बाईला दुसरा का. तरीही कित्येक घरांत आजी आयुष्यभर पहाटे फुलं वेचत राहिली, देवाला वाहत राहिली आणि लेकी-सुनांना गजरे करून देत राहिली. तिच्या स्वतःच्या अंबाड्यात एकही कळी गेली नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ताराबाईंच्या पुस्तकापासून हेरवाडपर्यंत १४० वर्षं गेली. ठराव कागदावर येतो, पण हळदीकुंकवाच्या दिवशी गजऱ्यांचं ताट कोणापुढे न्यायचं आणि कोणाला वगळून पुढे जायचं, ते आपलेच हात ठरवतात.

आता लावायचं कसं ते सांगतो. कुंपणालगत वीस-पंचवीस फूट लांब आणि चार-पाच फूट रुंद जागा पुरे. दोन टोकांना एकीकडे प्राजक्त, दुसरीकडे पांढरा चाफा, कारण ही झाडं मोठी होतात. मधल्या ओळीत तगर, कुंद आणि मोगरा, तीन-चार फुटांच्या अंतराने. जुई-जाई कुंपणाच्या तारेवर चढवा. पुढच्या ओळीत निशिगंधाचे कंद, शेवंती आणि पांढरी सदाफुली. न्हाणीचं पाणी जिकडे जातं तिकडे सोनटक्का. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करा, थोडे दिवस पाणी तोडा, मग शेणखत देऊन पाणी सुरू करा. उन्हाळ्यात भरपूर कळी येते. चाफा आणि तगर यांचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

रोपं विकत आणायची गरज फारशी नाही. चाफा, तगर, मोगरा, कुंद सगळे फांदीने लागतात. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या एका झाडाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणावी. दहाजणी आल्या तर दहा फांद्या होतील आणि वाटल्या की बहुतेकींचं वर्ष भरेल. गटात जी ताई, जी मावशी एकटी आहे, तिच्या दारात पहिली फांदी लावायला आपण सगळ्याजणी मिळून जाऊ. आणि फुलं आली की पहिला गजरा तिच्या केसांत आपणच माळू.