गल्ला ते दार : बिल तपासणीची गोष्ट

आजचा विषय दोन-तीन इंच रुंद कागदाच्या पट्टीएवढाच आहे. मोठ्या दुकानात आपण सामान घेतो, रांगेत उभं राहून पैसे देतो, पिशव्या उचलतो आणि दाराशी येतो. तिथे गणवेशातला एक माणूस हात पुढे करतो. 'बिल दाखवा.' तो पिशवीत डोकावतो, बिलावर रेघ मारतो किंवा शिक्का उमटवतो आणि मग आपण बाहेर पडतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बंगळुरूला किंवा ठाण्याला, पद्धत सगळीकडे हीच.

आपल्याला तिची इतकी सवय झाली आहे की एक साधा प्रश्न मनात येत नाही. पैसे तर मी दिले. पिशवीतलं सामान आता माझं आहे. मग माझीच पिशवी तपासायचा अधिकार याला कुणी दिला? या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहेच, पण त्याआधी ते दुकानाच्या इतिहासात आहे. तिथूनच सुरुवात करू.

जुनं किराणा दुकान आठवा. पुढे लाकडी फळी, तिच्यामागे शेठजी, त्यांच्यामागे डबे आणि पोती. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे. यादी वाचायची, माल आतून यायचा, तोलून पुडीत बांधला जायचा, पैसे गल्ल्यात जायचे. मालाला हात लावायची सोय गिऱ्हाइकाला नव्हतीच, त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्याचाही प्रश्न नव्हता. उलट संशय असायचा तो दुकानदारावर. 'काटा मारतो' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. डोळे तराजूवर ठेवायचं काम गिऱ्हाइकाचं होतं.

हे चित्र उलटं कधी झालं? त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल. सप्टेंबर १९१६मध्ये टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या व्यापाऱ्याने 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. नाव गमतीचं, पण कल्पना फार हिशेबी. साँडर्सने फळीच काढून टाकली. गिऱ्हाइकाने फिरत्या दांडीच्या फाटकातून आत यायचं, टोपली घ्यायची, ठरलेल्या वाटेने सगळ्या मांडण्यांसमोरून जायचं, हवं ते स्वतः उचलायचं आणि शेवटी बाहेर पडायच्या जागी पैसे द्यायचे. नोकर कमी लागले, खर्च उतरला, भाव उतरले. या मांडणीचं पेटंट त्याला १९१७मध्ये मिळालं.

आता नीट बघा. फळी गेली म्हणजे पहारा गेला असं नाही. फळीचं काम दोन तुकड्यांत वाटलं गेलं. एक तुकडा आत येण्याच्या फाटकावर गेला, दुसरा बाहेर पडण्याच्या वाटेवर. माल गिऱ्हाइकाच्या हातात मोकळा सोडल्यावर दुकानदाराची नजर मालावरून उठली आणि माणसावर जाऊन बसली. स्वस्ताईची ही किंमत होती, पण ती कोणत्याही लेबलवर छापलेली नव्हती.

या बदलाने कायद्यापुढेही कोडं उभं केलं. जुन्या दुकानात विक्री कधी झाली हे स्पष्ट होतं. शेठजींनी पुडी दिली, आपण पैसे दिले, झालं. पण मी स्वतःच साबण उचलून टोपलीत टाकला, तर तो माझा कधी झाला? टोपलीत पडला तेव्हा, पैसे दिले तेव्हा, की दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हा?

याचं उत्तर इंग्लंडमधल्या एका खटल्याने दिलं. आपल्याकडे कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी तो पहिल्याच वर्षी वाचतो. लंडनजवळ एजवेअरला बूट्स कंपनीचं औषधांचं दुकान होतं. ते १९५१मध्ये स्वयंसेवा पद्धतीचं झालं. काही औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच विकायची असा कायदा होता, आणि फार्मासिस्ट होता गल्ल्यापाशी. तिथल्या फार्मास्युटिकल सोसायटीचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाने बाटली टोपलीत टाकली तेव्हाच विक्री झाली, म्हणजे ती देखरेखीशिवाय झाली. अपील न्यायालयाने १९५३मध्ये हे म्हणणं फेटाळलं. मांडणीवर माल ठेवणं म्हणजे फक्त 'या, बघा' असं आमंत्रण. गिऱ्हाईक गल्ल्यावर माल पुढे करतं तो त्याचा प्रस्ताव आणि गल्ल्यावरचा माणूस तो स्वीकारतो तेव्हा करार होतो. न्यायाधीशांनी दिलेलं कारण अगदी व्यवहारी होतं. टोपलीत टाकल्याबरोबर विक्री झाली असं धरलं, तर मन बदललं म्हणून वस्तू परत मांडणीवर ठेवायची सोयच उरणार नाही.

हा निकाल दुकानदाराच्या बाजूने लागला खरा, पण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. गल्ला ही सीमारेषा ठरली. गल्ल्याच्या आत माल दुकानाचा. गल्ल्यावर पैसे घेऊन बिल दिलं की माल आपला. आपला मालविक्री कायदा १९३०चा आहे. त्याचं २०वं कलमही हेच सांगतं की समोर तयार असलेल्या ठरावीक वस्तूची मालकी, वेगळं काही ठरलेलं नसेल, तर करार होताक्षणी बदलते. म्हणजे गल्ल्यापासून दारापर्यंतच्या त्या वीस पावलांत आपण दुकानाचा माल घेऊन चाललेले नसतो. आपण स्वतःचा माल घेऊन चाललेले असतो.

मग त्या वीस पावलांत दुकानदाराचा काहीच अधिकार नाही का? अमेरिकेत याचं उत्तर हळूहळू 'थोडा आहे' असं तयार झालं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६मध्ये क्रेस या दुकानाच्या खटल्यात म्हटलं की चोरीचा सबळ संशय असेल, तर दुकानदार माणसाला चौकशीपुरता, वाजवी वेळ आणि वाजवी रीतीने थांबवू शकतो. पुढे तिथल्या बहुतेक राज्यांनी याचे कायदेच केले. पण या सवलतीची अट लक्षात ठेवा. संशयाला कारण हवं. बिल दाखवायला नकार देणं एवढंच कारण पुरेसं आहे, असं सहसा धरलं जात नाही. तिथल्या सभासदांसाठीच्या घाऊक दुकानांची गोष्ट वेगळी. तिथे सभासद होतानाच 'बाहेर पडताना बिल दाखवीन' ही अट आपण मान्य केलेली असते.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे स्वयंसेवेच्या आधी एक मधला टप्पा होता. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना तो आठवेल. रुपयाचं अवमूल्यन झालं त्या १९६६ सालीच दिल्लीत सुपर बाजार सुरू झाला. मुंबईत 'अपना बाजार'सारखी सहकारी भांडारं होती, गावोगावी खादी भांडारं होती. अशा बऱ्याच भांडारांत खरेदीचे तीन थांबे असत. एका ठिकाणी माल निवडायचा आणि पावती करायची, दुसऱ्या ठिकाणी पैसे भरून तिच्यावर शिक्का घ्यायचा, तिसऱ्या ठिकाणी शिक्का दाखवून माल ताब्यात घ्यायचा. तिथे शिक्क्याला अर्थ होता, कारण माल अजून आपल्या हातात आलेलाच नसायचा. पावती दाखवणं म्हणजे माल मागणं.

पुढे चेन्नईत १९९६मध्ये फूडवर्ल्ड आलं, कोलकात्यात २००१मध्ये पहिला बिग बाजार उघडला, २००२मध्ये मुंबईच्या पवईत पहिलं डी-मार्ट. माल थेट टोपलीत आला, तिसरा थांबा निरर्थक झाला. पण माझ्या मते तो गेला नाही, तो दारावर जाऊन उभा राहिला. पूर्वी पावतीवरचा शिक्का माल मिळवून द्यायचा. आता मिळालेला माल बाहेर नेण्यासाठी तो लागतो. शिक्का तोच, अर्थ मात्र उलटा झाला.

आणि कायदा? अमेरिकेतल्यासारखी खास सवलत देणारा कायदा भारतात केंद्राने दुकानदारांसाठी केलेला नाही. जे आहे ते सर्वांना सारखं आहे. एखाद्याला जिथे जायचा हक्क आहे तिथे जाण्यापासून मुद्दाम अडवणं हा आपल्याकडे १८६०च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या १२६व्या कलमात आहे आणि शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोलीत बसवून ठेवलं तर १२७वं कलम लागतं आणि कैद एक वर्षापर्यंत जाते.

दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. डोळ्यांदेखत चोरी होत असेल तर आपली मालमत्ता वाचवण्याचा हक्क त्याला आहेच. शिवाय आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब पोलिसांच्या हवाली करावं लागतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०व्या कलमाने त्यासाठी सहा तासांची मर्यादा घातली आहे. पण यातला 'आपल्यासमोर' हा शब्द मोलाचा आहे. नुसत्या संशयावर हा अधिकार मिळत नाही. गंमत म्हणजे ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल तर, नव्या कायद्याने समाजसेवेच्या शिक्षेवर आणली आणि परिशिष्टात ती अदखलपात्र ठरवली. त्यामुळे साबणाच्या वडीसाठी माणूस पकडून ठेवण्याचा आधार आणखी लंगडा झाला. अंगझडतीचा तर प्रश्नच नाही. अटक केलेल्या स्त्रीची झडती पोलिसांनासुद्धा स्त्रीकडूनच आणि सभ्यता पाळूनच घ्यावी लागते. दारावरच्या रखवालदाराला तेवढाही अधिकार नाही.

'पण तिथे पाटी लावलेली असते ना?' असं कोणी म्हणेल. पाटी कुठे आहे ते पाहा. ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट हा १९४९चा इंग्लंडमधला खटला आहे. हॉटेलने 'सामानाची जबाबदारी आमची नाही' अशी सूचना खोलीत लावली होती, पण करार खाली स्वागतकक्षात आधीच झालेला होता. न्यायालयाने म्हटलं, करारानंतर दिसलेली अट बांधत नाही. हाच तर्क आपल्या राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या डिसेंबर २०२०च्या निर्णयातही दिसतो. बिग बाजारच्या पिशव्यांच्या त्या प्रकरणात आयोगाने म्हटलं की खरेदीआधी ठळकपणे न सांगता गल्ल्यावर कॅरीबॅगचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. अट आधी सांगा, नंतर नको.

आता उलट बाजूने विचार करा. बिल मुळात कुणाच्या कामाचं? ग्राहक चळवळीने ते आपल्या हातात दिलं ते आपलं हत्यार म्हणून. पुण्यात १९७४मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा लढा भेसळीशी आणि मापातल्या पापाशी होता. ग्राहक संरक्षण कायदा १९८६मध्ये आला आणि २०१९मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली आहे. म्हणजे बिल हा दुकानदाराने आपल्याला द्यायचा हिशेब आहे. दारावर मात्र तोच कागद आपण दुकानदाराला द्यायचा हिशेब होऊन बसतो.

आणि दारावरची तपासणी कुणाची असते? पुष्कळदा ती आपली नसतेच. गल्ल्यावरच्या माणसाने ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या दोन वस्तू मोजल्याच नाहीत, किंवा चुकून एकच वस्तू दोनदा मोजली, हे पकडण्यासाठीही ती असते. म्हणजे मालकाचा आपल्या नोकरावरचा अविश्वास आपल्या पिशवीतून तपासला जातो. तपासणारा रखवालदारही नोकरच. बहुधा तो एजन्सीचा असतो आणि दिवसभर उभा असतो. त्याच्यावर आवाज चढवून आपण मालकापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. बिल दाखवणं हे सौजन्य आहे, कर्तव्य नाही. गर्दीत दोन सेकंद बिल दाखवायला माझी हरकत नसते. पण मी ते माझ्या इच्छेने दाखवतो, हे मला आणि समोरच्यालाही माहीत असावं. खरा प्रश्न येतो तो निवडीचा. सगळ्यांचं बिल पाहिलं जात असेल तर ती पद्धत. पण गाडीतून उतरलेल्यांना सलाम आणि मळक्या कपड्यातल्या मजुराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या किंवा दुकानात नवख्या वाटणाऱ्या पोराच्या पिशवीत हात, असं होत असेल तर तो अपमान आहे. त्याला कोणत्याही कायद्याचा आधार नाही.

तसं घडलं तर काय करायचं? आवाज न चढवता कारण विचारा. मॅनेजरला बोलवा. झडती देऊ नका. संशय असेल तर पोलिसांना बोलवा असं स्वतःच म्हणा, ११२ हा क्रमांक आपल्यासाठीही आहे. बिल जपून ठेवा, वेळ लिहून ठेवा, कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवायला लेखी सांगा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. आणि दुसऱ्या कुणाला अडवलेलं दिसलं तर दोन मिनिटं थांबा. एकट्या माणसाला दाराशी अडवणं सोपं असतं, चार जण बघत उभे असले की तितकं सोपं राहत नाही.

फळीच्या काळात आपण तराजूवर डोळा ठेवत होतो. फळी गेली तरी ती सवय सोडायचं कारण नाही. आता डोळा ठेवायचा तो गल्ल्यापासून दारापर्यंतच्या वीस पावलांवर, स्वतःच्या आणि शेजारच्याच्याही.