तंजावरचा नाद आणि श्रोत्याचे घर

व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, तेव्हा राज्याबरोबरच नादाचाही एक समृद्ध वारसा भोसल्यांच्या हाती आला. त्यांच्या आधीच्या नायक राजांपैकी रघुनाथ नायक स्वतः संगीतज्ञ होता. २४ स्थिर पडद्यांच्या तंजावरी वीणेचे श्रेय परंपरा त्याच्याच काळाला देते. भोसल्यांनी हा वारसा वाढवला. पहिल्या तुळजाजीने ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. दुसऱ्या सरफोजीच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, दरबारात पाश्चात्य वाद्यवृंदाचे सूरही घुमू लागले.

या नगरीने नादाची निगा दोन ठिकाणी राखली : वाद्यात आणि वास्तूत. फणसाच्या लाकडाची वीणा कोरून झाली, की कारागीर तिच्या दांडीवर काळसर मेण चढवतो आणि त्यात धातूचे पडदे बसवतो. उबेने मेण मऊ होते, त्यामुळे पडदा केसभर इकडेतिकडे सरकवून स्वर कानाने जुळवता येतो. काही वर्षांनी मेण ढळले, की हे काम पुन्हा करावे लागते. वास्तूची निगा राजवाड्यातील नायककालीन संगीत महालात दिसते. गायनवादनासाठी स्वतंत्र दालन राखणे याचा अर्थच असा, की जागा हेही वाद्याचेच एक अंग आहे, ही जाण तेथे होती.

या जाणिवेला गणिताचे रूप मिळाले ते फार पुढे आणि दूरदेशी. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे एका व्याख्यानगृहाची तक्रार आली. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातील गाद्या आणून त्या सभागृहात मांडल्या आणि प्रत्येक वेळी नाद किती लवकर विरतो ते मोजले. दालनाचे आकारमान आणि त्यातील नाद शोषणाऱ्या वस्तू यांवरून घुमण्याचा काळ काढण्याचे सूत्र त्यातून निघाले. चुनेगच्चीच्या रिकाम्या महालात घुमणारा स्वर श्रोत्यांनी भरलेल्या महालात का निवळतो, याचाही उलगडा त्याने झाला.

वाद्याचे रहस्य उलगडण्याचे काम तंजावरच्या शेजारी, तिरुचिरापल्लीस जन्मलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केले. तार एका विशिष्ट बिंदूवर छेडली असता काही उपस्वर उमटू नयेत, असा नियम पूर्वसूरींनी सांगितला होता. वीणेच्या व तंबोऱ्याच्या रुंद, वक्र घोडीमुळे ते उपस्वर तरीही ऐकू येतात, हे रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले. नियमाला मुरड घालणारा हा गुणच वीणेच्या नादाचे वैभव होय.

पुढे १९३९ साली तिरुचिरापल्लीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि कावेरीकाठच्या नादाने महालाचा उंबरा ओलांडला. तेव्हापासून प्रत्येक श्रोता एका वेळी दोन खोल्या ऐकू लागला : एक कलावंताची, दुसरी स्वतःची. पहिली संगीताचा भाग असते. दुसरी त्यात आगंतुकपणे शिरते. वीणेच्या सारणीचा षड्ज सेकंदाला १६५ कंपनांवर लावला, तर तिच्या सर्वांत खालच्या तारेचा पंचम सुमारे ६२ कंपनांवर येतो. श्रोत्याच्या खोलीतील समोरासमोरच्या भिंतींत पावणेतीन मीटरांच्या आसपास अंतर असेल, तर नेमका तोच स्वर तेथे फुगतो. वादकाने हळुवार छेडलेली तार गुरगुरू लागते, आणि दोष मात्र वाद्याला किंवा स्पीकरला लागतो.

ध्वनी अंकांत साठवला जाऊ लागल्यावर या दोषावर गणिती इलाज शक्य झाला. बसण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवतात आणि खर्जापासून तारापर्यंत चढत जाणारा चाचणीचा सूर स्पीकरमधून सोडतात. स्पीकरने व खोलीने त्यात काय फेरफार केला, हे संगणक मोजतो आणि त्याच्या उलट फेरफार मूळ ध्वनीत आधीच करून ठेवतो. मोजणी संगीताची नसून चाचणीच्या सुराची असते. म्हणून वीणेच्या घोडीचा गुण किंवा मूळ दालनाची आस या इलाजाने पुसली जात नाही.

तथापि या उपायालाही मर्यादा आहेत. एका आसनासाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या आसनाला बाधक ठरू शकते. भिंतीवरून परतलेल्या लहरीने जो स्वर जागीच मारला, तो कितीही जोर लावून पुरता जिवंत होत नाही. अति घुमणाऱ्या खोलीला तर सॅबिनच्या गाद्यांचाच आधार. तेथे पडदे, सतरंज्या आणि पुस्तकांची कपाटे संगणकापेक्षा अधिक काम करतात.

म्हणून या तंत्राची खरी कसोटी एकच आहे. त्याने श्रोत्याच्या भिंती दूर साराव्यात आणि वीणा जेथे वाजली, त्या जागेला वाट करून द्यावी. तंजावरचा कारागीर मेणातला पडदा केसभर सरकवतो, तो स्वर त्याच्या स्थानी बसावा म्हणून. आकड्यांनी केलेल्या दुरुस्तीचाही हेतू तेवढाच असावा, आणि तो साधला की नाही हे अखेर कानानेच ठरवावे.