‘पोराक दूध ओढूक येना नाय’: एका वाक्याचा इतिहास

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण तो सुरू होतो बाळंतिणीच्या खोलीत. डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मलं की आपल्या मालवणकडे कुणीतरी म्हणतंच, ‘पोराक दूध ओढूक येना नाय.’ मग बाटली येते. पण हे बाळ अंगावर पिणारच नाही, हे ठरवलं कुणी?

१८६६ साली इंग्लंडमधले डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी या मुलांचं वर्णन लिहिलं आणि चेहऱ्यावरून त्यांना ‘मंगोलियन’ म्हटलं. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांचं बाळांसाठीचं तयार अन्न बाजारात आलं. दोन्हींचा आपसात संबंध नव्हता. पण शिक्का आणि डबा, दोन्ही या बाळांच्या वाट्याला आले. युरोप-अमेरिकेत कित्येक आईबापांना ‘बाळ संस्थेत ठेवा आणि विसरा’ असाच सल्ला मिळायचा. जे बाळ घरीच न्यायचं नाही, त्याला पाजायला आईला कोण शिकवणार?

१९५९ साली पॅरिसमध्ये कळलं, की या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात. म्हणजे दोष आईच्या खाण्यात नाही, ग्रहणात नाही, कुणाच्या नजरेत तर नाहीच. १९६५ मध्ये मंगोलियाच्या मागणीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने तो जुना शब्द सोडला.

आता मूळ प्रश्न. ओढायला जड जातं, हे खरं आहे. स्नायू सैल असतात, जीभ पुढे येते, बाळ पिता पिता झोपतं. पण ‘जड जातं’ आणि ‘येतच नाही’ यात फरक आहे. आईने स्तनाला खालून आधार द्यायचा आणि त्याच हाताचा अंगठा व पहिलं बोट बाळाच्या दोन्ही गालांना लावून हनुवटी तोलायची. डॅनर आणि सेरुटी या दोघांच्या आडनावांवरून या पकडीला ‘डान्सर’ नाव पडलं. नाचाशी काही संबंध नाही बरं का!

आणि तरीही नाही ओढलं तर? दूध पिळून वाटी-चमच्याने पाजायचं. आपल्याकडे जुन्या घरांत बोंडलं असायचंच की! फक्त त्याची चोच आतून धुवायला अवघड, म्हणून वाटी बरी.

आपली चाकरमानी माणसं ज्या मुंबईत गेली, तिथल्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली पहिली. कमी दिवसांच्या, आजारी बाळांनाही आईचंच दूध हवं, हा त्यामागचा विचार. १९९२ च्या कायद्याने तर दुधाच्या डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीच बंद केल्या.

या बाळांना कानाचे, छातीचे आजार लवकर होतात, म्हणून हे दूध त्यांना जास्तच मोलाचं. शिवाय ओढण्याने जबड्याला आणि जिभेला व्यायाम मिळतो, तो पुढे बोलताना कामी येतो. मात्र एक लक्षात ठेवा: यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. पिताना घाम, धाप, ओठ निळसर, वजन वाढत नाही, असं दिसलं तर थांबू नका, ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा.

आणि काही झालं तरी, नाहीच जमलं अंगावर, तर ती आई हरली असं नाही. तिला फक्त ‘येना नाय’ म्हणण्याआधी कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं होतं. तुमच्या घरात बाळंतीण असेल, तर ते कुणीतरी तुम्ही व्हा. भेटू पुढच्या भागात!