पॉटलिकर: पाल्याचं पाणी कुणाचं?

कोलार्ड, सलगमाचा किंवा मोहरीचा पाला, डुकराच्या खारवलेल्या मांसाचा एक तुकडा, भांडंभर पाणी आणि मंद आच. अमेरिकेच्या दक्षिणेत पालेभाजी अशी तासन्‌तास रटरटते. भाजी उपसल्यावर खाली राहतं ते हिरवट, खारट, तवंग आलेलं पाणी म्हणजे पॉटलिकर. पुरणाच्या कटाचं दूरचं भावंडच म्हणा.

गुलामगिरीच्या काळात मळेवाल्याच्या ताटात निथळलेली भाजी जाई, पाणी गुलामांकडे राही. मालकांनी अडाणीपणाने सत्त्व फेकलं आणि ते गुलामांना आयतं मिळालं, असं हसत सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. रांधणाऱ्या बायकांचं मूळ बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतलं. पाल्याचं कालवण आणि त्यात बुडवून खायचा कंदाचा किंवा धान्याचा गोळा हे तिथलं रोजचं जेवण. पाण्याचं मोल त्यांना ठाऊक होतं. गरजही होतीच. मेरीलँडच्या मळ्यावर माणशी महिन्याचा शिधा ८ पौंड डुकराचं मांस आणि एक बुशेल मक्याचं पीठ, अशी नोंद फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्रात आहे. मक्याची कोरडी भाकरी घशाखाली उतरायची तर ओलं काही हवंच. शिवाय पाल्यातले क्षार आणि ब गटातली जीवनसत्त्वं या पाण्यात उतरलेली असत.

पुढे गरीब गोऱ्यांच्या घरीही ते शिरलं आणि मग पुढाऱ्यांच्या तोंडी. १९३१ मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ दैनिकाचे ज्युलियन हॅरिस यांच्यात जाहीर वाद रंगला. लाँग म्हणत भाकरी बुडवा, हॅरिस म्हणत कुस्करा. १९३५ मध्ये सिनेटचं कामकाज अडवण्यासाठी लाँग साडेपंधरा तास बोलत राहिले. त्यात त्यांनी पॉटलिकरची कृतीही सांगून टाकली. गोरे पुढारी हे पाणी मातीशी इमान राखल्याची खूण म्हणून मिरवत होते, तेव्हा त्याच दक्षिणेत बहुतेक काळ्या माणसांना मतदानही करू दिलं जात नव्हतं.

१९८२ मध्ये जॉर्जियाचे लेफ्टनंट गव्हर्नर झेल मिलर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहून सुनावलं, की हा शब्द जोडूनच लिहायचा, तोडून नाही. स्पेलिंगची एवढी काळजी घेतलीच आहे, तर पाककृतीच्या पुस्तकांनी त्या रांधणाऱ्या काळ्या बायकांचं श्रेयही पहिल्या ओळीत लिहावं.