पडद्याआडची साक्ष
दिंडोशीच्या सत्र न्यायालयात मी आरोपींच्या बाजूने उभी राहते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या खटल्यात माझा प्रश्न आधी न्यायाधीशांकडे जातो, मग त्यांच्या तोंडून साक्ष देणाऱ्या मुलीपर्यंत. आरोपी पडद्यामुळे तिच्या नजरेआड असतो, पण तिचा शब्द न् शब्द त्याला ऐकू यावा लागतो, माझ्याशी बोलता यावं लागतं.

हे आपसूक आलं नाही. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये त्यांना सोडलं. बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ची कायदादुरुस्ती आली: बंद दाराआड सुनावणी, पीडितेचं नाव छापणं गुन्हा. पीडिता आणि आरोपी यांच्यातला पडदा सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या ‘साक्षी’ निकालाने आला, २०१२च्या पोक्सोने मुलांसाठी तो कायद्यात बसवला.

उलटतपासणी हा आरोपीचा हक्क आहे आणि तो मी सोडत नाही. वेळ, जागा, जबाबातली तफावत, सगळं विचारते. लेकराला दरडावून गोंधळवणं याला मात्र मी बचाव मानत नाही. २०२२मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात लहान मुलांसारख्या असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्र उभारायला सांगितलं. तिथला माईक चांगला हवा, आरोपीलाही सगळं स्पष्ट ऐकू यायला हवं, हे मी आग्रहाने मागते.