परमिट रूम

परमिट रूम (शासकीय मराठीत ‘परवाना कक्ष’) म्हणजे महाराष्ट्रात ग्राहकाला जागेवर बसून मद्यपान करता येईल असे अनुज्ञप्तीधारक ठिकाण होय. बोलीभाषेत त्याला सरसकट ‘बार’ म्हणतात. बहुतेक परमिट रूम उपाहारगृहाला जोडलेल्या असतात. महानगरांतील वाइन व कॉकटेल बार कायद्याच्या दृष्टीने याच प्रकारात मोडतात.

नाव व कायदेशीर पार्श्वभूमी

या नावाचे मूळ दारूबंदीत आहे. तत्कालीन मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री असताना ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ संमत झाला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफ. एन. बलसारा खटल्यात हा कायदा बव्हंशी वैध ठरवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील काही निर्बंध रद्द केले. प्रकृतीच्या कारणास्तव मद्य आवश्यक असणाऱ्यांना त्या काळी परवाने मिळत. वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत दारूबंदी शिथिल झाली. तरीही मूळ कायदा रद्द झालेला नाही. आज तो ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने लागू आहे. त्यामुळे राज्यात मद्यपान हा नियम नसून परवान्याने मिळणारा अपवाद आहे.

अनुज्ञप्ती व परवाना

विक्रेत्याला लागते ती अनुज्ञप्ती आणि पिणाऱ्याला लागतो तो परवाना. दोन्ही गोष्टी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत येतात. परमिट रूमला ‘एफएल-३’ अनुज्ञप्ती लागते. तिच्याखाली व्हिस्की, रम, जिन यांसारखी तीव्र मद्ये, तसेच वाइन व बिअर पेल्यातून देता येतात. कॉकटेलमध्ये सहसा तीव्र मद्य मिसळलेले असल्याने केवळ बिअर व वाइनची अनुज्ञप्ती असलेल्या ठिकाणी ते देता येत नाही. ‘वाइन शॉप’ हे त्याहून वेगळे. तेथे नावाप्रमाणे केवळ वाइन नव्हे, तर सर्व प्रकारचे विदेशी मद्य सीलबंद बाटलीत मिळते. मात्र दुकानात बसून पिता येत नाही.

ग्राहकासाठी एक दिवसाचा, एक वर्षाचा व आजीवन असे परवाने आहेत. विदेशी मद्याच्या एक दिवसाच्या परवान्याचे शुल्क ५ रुपये, वार्षिक परवान्याचे १०० रुपये व आजीवन परवान्याचे १,००० रुपये असे राहिले आहे. वाइन व सौम्य बिअरसाठी किमान वय २१ वर्षे, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे. प्रत्यक्षात ग्राहकाकडे परवाना क्वचितच मागितला जातो आणि अनेकांना त्याची माहितीही नसते.

पिंपरी-चिंचवड व चाकण

काळेवाडी, पिंपरी, चिंचवड, निगडी हे भाग १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत येतात. जुना पुणे-मुंबई महामार्ग पिंपरी, चिंचवड व निगडीतून जातो, चाकण पुणे-नाशिक महामार्गावर आहे, तर काळेवाडी पिंपरीसमोर पवना नदीच्या पलीकडे वसली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. १ एप्रिल २०१७ पासून तिची झळ अशा महामार्गांलगतच्या बारना बसली. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. पुढे जुलै २०१७ मध्ये, महापालिका व नगरपालिका हद्दीतील अनुज्ञप्तीधारकांना ही मनाई लागू नाही, असा खुलासा न्यायालयाने केला.

सामाजिक प्रश्न

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. अपघातापूर्वी त्या मुलाला बारमध्ये मद्य दिले गेल्याचे पोलिसांनी सांगितल्यानंतर वयाची पडताळणी हा चर्चेचा विषय झाला. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो.

दारूविक्रीविरुद्ध स्थानिक नागरिकांनाही अधिकार आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील वा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी कौल दिल्यास विक्री बंद होते. मतपत्रिकेवरील चिन्हांमुळे हे मतदान ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखले जाते. आडवी बाटली म्हणजे दारूबंदीच्या बाजूने मत होय.