विकारविलसित

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे केलेले मराठी भाषांतर, प्रकाशन १८८३. कोल्हापूर प्रकरणाच्या अब्रुनुकसानी खटल्यात १८८२ मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना आगरकर या कामात गुंतले होते. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या प्रयोगांत गणपतराव जोशी यांनी रंगवलेला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, फार गाजला.

चंद्रसेनाच्या चुलत्याने त्याच्या बापाचा खून केला, गादी बळकावली आणि आईशी लग्न लावले. बापाचे भूत मुलाकडे सूड मागते. आईला मात्र हात लावू नकोस, असेही बजावते. पितृऋण फेडायचे, तर सख्ख्या चुलत्याचा जीव घ्यायचा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला ही कोंडी परकी वाटण्याचे कारण नव्हते. चंद्रसेनाचे रेंगाळणे हा भ्याडपणा नव्हे. भुताच्या शब्दावर खून करण्याआधी तो पुरावा शोधतो. नाटकातला दुसरा मुलगा, स्वतःच्या बापाच्या मृत्यूने पेटलेला लेआर्टिस, असा थांबत नाही, आणि कपटी राजाच्या हातचे शस्त्र बनतो. नाटकाचे खरे मर्म या दोन मुलांच्या तुलनेत आहे.

नाना जोग यांनीही ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. त्यांच्या भाषांतरावर चंद्रकांत कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये प्रयोग केला. हॅम्लेट सुमीत राघवन यांनी साकारला.